१५ वर्षे एकही सामना चुकवला नाही, पण टीबीने गाठलं!

कॅनडातल्या क्युबेक प्रांतात चिकुटीमी नावाचं गाव आहे. जॉर्ज वेझिना यांचा जन्म तिथलाच, २१ जानेवारी १८८७ चा. आइस हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. खेळाडू पायात लोखंडी पात्याचे स्केट घालून पळतात आणि चेंडूऐवजी रबराची चपटी चकती मारतात. पोरवयात वेझिना मात्र साध्या बुटांवरच गोल अडवायचे. स्केट त्यांनी बरेच उशिरा घातले.

१९१० मध्ये मॉन्ट्रियल कॅनेडियन्स हा बडा संघ गावात खेळायला आला आणि गावच्या पोरांकडून हरून गेला. गोलमध्ये वेझिना होते! वर्षअखेरीस तेच कॅनेडियन्सकडून खेळू लागले.

त्या काळी गोलकीपरला तोंडावर मास्क नसे. १९१८ पर्यंत तर खाली पडून चकती अडवायलाही बंदी होती, जे काही करायचं ते उभ्यानेच. तरी वेझिनांचं डोकं इतकं थंड, की लोक त्यांना चक्क ‘चिकुटीमीची काकडी’ म्हणायचे. १९१६ आणि १९२४ मध्ये संघाने स्टॅनली कप जिंकला.

२८ नोव्हेंबर १९२५ ला अंगात १०२ ताप होता, वजनही घटलेलं. तरी ते उतरले. सामना अर्ध्यातच सोडावा लागला. निदान निघालं टीबीचं. आज गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला की टीबी बरा होतो. तेव्हा त्यावर औषधच नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये. २७ मार्च १९२६ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी, चिकुटीमीतच ते गेले.

पुढच्या हंगामात गोलकीपरसाठी वेझिना ट्रॉफी सुरू झाली. पहिली मिळाली त्यांच्याच जागी आलेल्या जॉर्ज हेन्सवर्थ यांना.