सरड्याचं रक्त आणि रोनाल्ड रॉस

प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला सरांनी एक जुनी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली लावली आणि ओळखायला सांगितलं. रक्त आहे एवढं कळलं, म्हणून मी पटकन माणसाचं रक्त असं सांगून मोकळी झाले. वर्गात हशा पिकला. परत डोळा लावून बघितलं, तर गुलाबी-नारिंगी, लांबट अंडाकृती पेशी, आणि प्रत्येकीच्या मधोमध जांभळा ठिपका. तो ठिपका म्हणजे केंद्रक. आपल्या तांबड्या पेशी गोल असतात आणि त्यांत केंद्रक नसतं. ती काचपट्टी सरड्याच्या रक्ताची होती. पाली, सरडे, बेडूक, पक्षी, या सगळ्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक टिकून राहतं.

त्या फजितीमुळे मी वाचायला लागले, आणि वाचता वाचता रोनाल्ड रॉसपाशी पोचले. हा माणूस आमच्या मुलखाच्या जवळून गेलेला आहे हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

मी आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला भागातली. पैनगंगेपलीकडे महाराष्ट्र, अलीकडे आम्ही. घरात मराठी, बाजारात तेलुगू. आमच्याकडे थंडीताप हा शब्द लहानपणापासून कानावर असतो. माझी थोरली आत्या चार वर्षांची असताना पावसाळ्यात तापाने गेली. आजी अजून तिचं नाव घेते. तेव्हा तिचं रक्त कोणी तपासलं नव्हतं, त्यामुळे तो ताप कसला होता हे आम्हाला कधीच कळणार नाही.

रॉस 1857 साली अल्मोड्यात जन्मला. वडील इंग्रजांच्या फौजेत मोठे अधिकारी. मुलाला कविता आणि चित्रं यांची ओढ. वडिलांनी लंडनला डॉक्टरकीला घातलं. 1881 मध्ये तो इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आला, पण कविता आणि कादंबऱ्या लिहिणं सोडलं नाही. आपल्या वाङ्मय मंडळात तो सहज खपला असता!

लाव्हरान या फ्रेंच डॉक्टरला 1880 मध्ये अल्जीरियात रोग्याच्या रक्तात हिवतापाचा परजीवी दिसला होता. 1894 मध्ये लंडनला पॅट्रिक मॅन्सनने तो रॉसला दाखवला आणि डासांचा संशय त्याच्या डोक्यात घातला. रॉस परतला तो सिकंदराबादच्या छावणीत. आमचा मुलूख तेव्हा ज्या निजामी संस्थानात होता, त्याच संस्थानात ही इंग्रजांची छावणी.

दोन वर्षं त्याने चुकीच्या जातीचे डास फाडले. मधे उटीजवळ स्वतःच हिवतापाने आजारी पडला. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले, भिंगाला तडा गेला. डास उडून जातील म्हणून पंखाही घेता येईना. ऑगस्ट 1897 मध्ये ठिपकेदार पंखांचे थोडे डास हाती आले. हुसेन खान नावाच्या रोग्याने ते अंगावर चावून घेतले, डासामागे एक आणा घेऊन. 20 ऑगस्टला त्यांतल्या एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉसला गोल पेशी दिसल्या. त्यांत काळे कण होते, अगदी हिवतापाच्या परजीवीत असतात तसे. त्या आनंदात त्याने कविताही लिहिली.

आता पुढचं काम झपाट्याने व्हायचं, तर सप्टेंबरात बदलीचा हुकूम आला! मुंबईमार्गे राजपुतान्यातल्या खेरवाड्याला. तिथे हिवतापाचे रोगी मिळेनात. 1898 मध्ये कलकत्त्याला गेला, तर तिथे प्लेगच्या लसीची धास्ती. बोटाला सुई लावून घ्यायला कोणी तयार होईना. शेवटी रॉस चिमण्यांकडे वळला. त्यांनाही त्यांचा वेगळा हिवताप होतो. चिमणीची तांबडी पेशी सरड्यासारखीच, अंडाकृती आणि केंद्रकवाली, आणि परजीवी त्या केंद्रकाशेजारी बसलेला. मदतनीस महंमद बक्ष डास सांभाळायचा. जुलैमध्ये परजीवी डासाच्या लाळग्रंथीत सापडला, आणि डास चावून निरोगी चिमण्या आजारी पडल्या. तापाची वाट सापडली ती या रक्तातून. माणसाच्या बाबतीतली साखळी इटलीतल्या ग्रासी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी पुरी केली. श्रेयावरून रॉस त्यांच्याशी जन्मभर भांडला. तो स्वभावाने काही सोपा नव्हता. 1902 चं नोबेल त्याला एकट्यालाच मिळालं. 1932 मध्ये तो वारला.

मला मात्र त्याचं 1903 मधलं एक छोटं काम जास्त आवडतं. रक्ताचा जाड थेंब काचेवर वाळवायचा, त्यातला तांबडेपणा पाण्याने काढायचा आणि मग रंग द्यायचा. पुष्कळ रक्त एकदम बघता येतं, म्हणून थोडे परजीवीही सापडतात. आपल्या तांबड्या पेशी विरघळतात आणि मागे गर्दी राहत नाही, म्हणून हे जमतं. सरड्याच्या रक्ताला ही युक्ती चालत नाही. पेशी फुटल्या तरी हजारो जांभळी केंद्रकं तशीच राहतात, आणि परजीवी त्या गर्दीत हरवतो. तिथे पातळ थरच हवा.

पुढच्या प्रॅक्टिकलला मी स्वतःच्या बोटाचं रक्त घेतलं. पातळ थर ओढला, वाळवला, लिशमनचा रंग दोन मिनिटं ठेवला, मग त्याच्या दुप्पट पाणी घालून आठ मिनिटं. पाणी बोअरचं वापरलं, तर सगळंच निळं झालं! क्षार असलेल्या पाण्याने असं होतं, त्यासाठी बफरचं पाणी लागतं. दुसऱ्यांदा जमलं. गोल, गुलाबी पेशी, मधे काही नाही.

दिवाळीत घरी गेले होते. शेजारच्या मुलाला ताप होता आणि आशाताई आल्या होत्या. एकाच काचेवर त्यांनी एक जाड ठिपका घेतला आणि शेजारी जिभेसारखा पातळ थर ओढला. आजी ओट्यावरून बघत होती. तो जाड ठिपका कशासाठी, हे मी तिला समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, आणि मग विचारलं की हे आपल्याकडे कधीपासून करायला लागले. मला उत्तर देता आलं नाही.