गागोद्याचे विनोबा आदिवासींच्या दारी गेले होते

पेण : पेण तालुक्यातलं गागोदे बुद्रुक हे विनोबा भाव्यांचं जन्मगाव, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण या माणसाने आदिवासींसाठी काय केलं, हे फारसं कोणी सांगत नाही.

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला, म्हणून पुढचं शिक्षण तिकडे झालं. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईला म्हणून निघाले आणि सुरतेला उतरून काशीला गेले. त्याच वर्षी गांधीजींची भेट झाली आणि ते आश्रमाचेच झाले.

१८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली, तर रामचंद्र रेड्डींनी १०० एकर दिली. तिथून भूदान सुरू झालं. रोह्याच्या घराण्यातले चिंतामणराव देशमुख तेव्हा दिल्लीत देशाचा खजिना सांभाळत होते आणि आपल्या कुलाबा जिल्ह्याचा हा दुसरा माणूस पायी जमीन मागत फिरत होता.

त्यांची बोलण्याची रीत साधी होती. गावात चालत जायचं, लोकांचं ऐकायचं आणि संध्याकाळी प्रार्थनेनंतर बोलायचं. घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा गरिबाला द्या, एवढंच मागणं. यासाठी त्यांनी अनेक प्रांतांच्या भाषा शिकून घेतल्या.

१९५५ साली ते ओडिशातल्या कोरापुटला आदिवासी भागात फिरले. तिथल्या शेकडो गावांनी ग्रामदान केलं. म्हणजे मालकी गावाची, कसणार कुटुंब. जमीन सगळ्यांची, ही गोष्ट आदिवासींना नवी नव्हतीच.

पण सगळंच जमलं नाही. ५ कोटी एकरांचं उद्दिष्ट होतं, मिळाली ४० लाखांच्या वर. त्यातली बरीच खडकाळ किंवा वादातली निघाली, बरीच वाटलीच गेली नाही. विनोबा पुढच्या गावाला गेले की मागे कागद करणारं कोणी उरत नसे.

आपल्याकडे हेच दुखणं आहे. पेण-रोह्यातल्या कातकरी, ठाकूर वाड्यांवर २००६ चा वनहक्क कायदा माहीत आहे, पण दावा, मोजणी आणि सातबारा होईपर्यंत माणूस वीटभट्टीवर निघून जातो. शब्द देणारे येतात, कागद होईपर्यंत थांबणारे थोडे.

विनोबा १५ नोव्हेंबर १९८२ ला पवनारला गेले. तोच दिवस बिरसा मुंडांच्या जयंतीचा. त्या दिवशी हार घालायला जाणाऱ्यांनी वाडीवरचा एक तरी अडलेला दावा सोबत घेऊन तहसीलला जावं.