बर्लिनच्या रात्री आणि एक डॉक्टर

पहिल्या महायुद्धानंतरचे बर्लिन म्हटले की कॅबरे, जॅझ आणि पहाटेपर्यंत जागणारी नृत्यगृहे यांचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. त्या शहरात समलिंगी स्त्री-पुरुषांची स्वतःची मद्यालये होती, मंडळे होती; त्यांची नियतकालिके रस्त्यावरच्या वृत्तपत्र विक्रेत्यांकडे उघडपणे मिळत. मात्र हे सारे बहरात असतानाही जर्मन दंडसंहितेतील कलम १७५ जागचे हलले नव्हते. पुरुषांमधील समलिंगी संबंध हा तुरुंगवासास पात्र असा गुन्हाच होता. शहराने दिलेली मोकळीक आणि कायद्याने नाकारलेला हक्क यांतील हे अंतर मिटवण्यासाठी ज्यांनी उभे आयुष्य वेचले, ते डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड.

त्यांचा जन्म १४ मे १८६८ रोजी बाल्टिक समुद्रकाठच्या कोलबर्ग या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. वडील डॉक्टर होते. माग्नुस आधी भाषा आणि तत्त्वज्ञानाकडे वळले, पण अखेर त्यांनीही वैद्यकाचीच वाट धरली आणि १८९२मध्ये पदवी मिळवली. माग्डेबुर्ग येथे काही काळ व्यवसाय केल्यानंतर १८९६मध्ये ते बर्लिनलगतच्या शार्लोटेनबुर्गमध्ये आले. त्याच सुमारास त्यांच्या एका रुग्णाने, एका तरुण लष्करी अधिकाऱ्याने, स्वतःच्या विवाहाच्या आदल्या रात्री आत्महत्या केली. जे तो कुणापाशी बोलू शकला नव्हता, ते त्याने डॉक्टरांना लिहिलेल्या पत्रात होते. इंग्लंडमध्ये ऑस्कर वाइल्डला झालेली शिक्षाही ताजी होती. या दोन घटनांनी हिर्शफेल्ड यांच्या आयुष्याची दिशा ठरली.

१५ मे १८९७ रोजी त्यांनी काही सहकाऱ्यांसह वैज्ञानिक-मानवतावादी समिती स्थापन केली. समलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठी उभी राहिलेली ही जगातील पहिली संघटना मानली जाते. समलिंगी ओढ हा स्वभावाचा भाग आहे, पाप किंवा गुन्हा नव्हे, हे विज्ञानाने सिद्ध केले की न्याय आपोआप मिळेल, अशी त्यांची श्रद्धा होती. कलम रद्द करण्यासाठी त्यांनी काढलेल्या अर्जावर पुढे हजारो मान्यवरांनी सह्या केल्या. त्यांत आइन्स्टाइन आणि थॉमस मान हेही होते. १८९८मध्ये ऑगुस्ट बेबेल यांनी हा प्रश्न जर्मन संसदेत मांडला, पण संसद बधली नाही.

हिर्शफेल्ड यांचे बर्लिन झपाट्याने बदलत होते. खेड्यापाड्यांतून कामासाठी आलेल्या तरुणांना महानगरात अनोळखीपणाचे कवच मिळत होते. १९०४मध्ये हिर्शफेल्ड यांनी या शहरातील समलिंगी जीवनावर एक छोटे पुस्तक लिहिले. सैनिकांचा राबता असलेली मद्यालये, हिवाळ्यातील मोठे नृत्यसमारंभ, नाताळच्या रात्री घराला पारखे झालेल्यांचे एकाकीपण हे सारे त्यात आले. हे जग सनसनाटी नाही, ते तुमच्याच शेजारी आहे, हे त्यांना वाचकाला सांगायचे होते. बर्लिनच्या पोलिसांनीही अशा जागा बंद पाडण्याऐवजी त्यांच्यावर नजर ठेवण्याचे धोरण पत्करले होते. हिर्शफेल्ड यांनी पोलिसांशी संबंध राखले, आणि भिन्नलिंगी वेश परिधान करणाऱ्यांना अटकेपासून वाचवणारे परवाने वैद्यकीय अभिप्रायाच्या आधारे मिळवून दिले.

महायुद्ध संपले, राजेशाही गेली आणि नवे प्रजासत्ताक आले. ६ जुलै १९१९ रोजी टियरगार्टन भागातील एका प्रशस्त वाड्यात हिर्शफेल्ड यांनी लैंगिकविज्ञान संस्था उघडली. तेथे दवाखाना, ग्रंथालय, संग्रहालय आणि व्याख्यानगृह होते. गरिबांना सल्ला विनामूल्य मिळे. लोक आपले प्रश्न नाव न घालता एका पेटीत टाकत आणि ठरलेल्या संध्याकाळी डॉक्टर त्यांना जाहीर उत्तरे देत. लिंगबदलाच्या अगदी आरंभीच्या शस्त्रक्रियांमागे याच संस्थेचे डॉक्टर होते. संस्थेत घरकाम करणाऱ्या डोरा रिश्टर यांच्यावर अशी शस्त्रक्रिया झाली होती. त्याच वर्षी प्रदर्शित झालेल्या एका चित्रपटात हिर्शफेल्ड यांनी स्वतः डॉक्टरची भूमिका केली. कलम १७५चा धाक दाखवून होणारी खंडणीखोरी हा त्याचा विषय होता. पुढच्याच वर्षी त्याच्या जाहीर प्रदर्शनावर बंदी आली.

१९२०मध्ये उपनगरे सामावून घेत बर्लिनची लोकसंख्या ३८ लाखांवर गेली. नोलेनडॉर्फप्लाट्झच्या परिसरात रात्री फुलू लागल्या. 'एल्डोराडो' या नृत्यगृहाची कीर्ती तर देशोदेशी पोहोचली. कामगार, कारकून, कलावंत, प्रवासी सारे तेथे येत. डॉक्टरही अधूनमधून दिसत. त्यांना तेथे लाडाने मावशी म्हणत. पण उजेड जितका वाढला, तितका द्वेषही. ऑक्टोबर १९२०मध्ये म्युनिक येथे व्याख्यानानंतर त्यांना इतकी मारहाण झाली की काही वृत्तपत्रांनी त्यांच्या निधनाची बातमी छापली. ती त्यांनी स्वतःच वाचली.

ते निर्दोष होते असे नाही. सुप्रजननशास्त्रावरील त्या काळच्या भाबड्या विश्वासातून तेही सुटले नाहीत. कार्ल गीझे हा तरुण त्यांचा सहजीवी होता, तरी स्वतः समलिंगी असल्याचे त्यांनी कधी जाहीरपणे सांगितले नाही. पण चिकाटी सोडली नाही. १९२९मध्ये संसदीय समितीने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून वगळण्याच्या बाजूने कौल दिला. मात्र तो प्रस्ताव संसदेच्या सभागृहापर्यंत पोहोचलाच नाही.

१९३०च्या अखेरीस ते व्याख्यानांसाठी अमेरिकेला निघाले आणि तेथून पुढे जगप्रवासाला. शांघायमध्ये भेटलेला ली शिऊ टाँग हा विद्यार्थी त्यांचा अखेरपर्यंतचा सोबती झाला. १९३१मध्ये ते भारतात आले. कॅथरीन मेयो यांच्या पुस्तकाने भारताचे जे विकृत चित्र रंगवले होते, त्याचा त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात प्रतिवाद केला आणि स्वातंत्र्याच्या मागणीची बाजू घेतली. त्याच काळात मुंबईत र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' चालवत होते. आणि येथेही ब्रिटिशांनी १८६०मध्ये आणलेले कलम ३७७ होतेच; सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये प्रौढांचे संमतीचे संबंध त्यातून वगळले.

हिर्शफेल्ड १९३२मध्ये युरोपात परतले, पण जर्मनीत पुन्हा पाऊल ठेवू शकले नाहीत. त्याच वर्षी बर्लिनच्या पोलिसांनी समलिंगींच्या नृत्यसमारंभांवर बंदी घातली. नजर ठेवण्यासाठी जमवलेली माहिती कारवाईसाठीही उपयोगी पडणार होती. १९३३च्या आरंभी हिटलर सत्तेवर आला आणि काही आठवड्यांत उरलीसुरली मद्यालये बंद झाली. एल्डोराडोच्या दर्शनी भागावर स्वस्तिकचिन्हे झळकली. कित्येक वर्षे फुललेले ते जग पोलिसांच्या सौजन्यावर उभे होते. सौजन्य सरले तेव्हा त्याच्या पाठीशी एकही कायदा नव्हता. ६ मे रोजी नाझी विद्यार्थ्यांनी संस्था लुटली. १० मेच्या रात्री तिच्या हजारो ग्रंथांची होळी झाली. जमावाने हिर्शफेल्ड यांच्या अर्धपुतळ्याचीही धिंड काढली. पॅरिसच्या एका चित्रपटगृहात वृत्तचित्र पाहताना त्यांनी आपल्या आयुष्याचे काम जळताना पाहिले.

१४ मे १९३५ रोजी, ६७व्या वाढदिवशी, फ्रान्समधील नीस येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी नाझींनी कलम १७५ अधिक कठोर केले. त्याखाली सुमारे ५० हजार पुरुषांना शिक्षा झाल्या, हजारो छळछावण्यांत गेले. ली यांनी गुरूंचे कागदपत्र देशोदेशी हिंडताना सांभाळले. १९९३मध्ये कॅनडात त्यांचे निधन झाल्यावर ते कचऱ्यात जाता जाता वाचले. डोरा रिश्टर १९३३च्या हल्ल्यात मारल्या गेल्या असे दीर्घकाळ मानले जाई. त्या १९६६पर्यंत जगल्या, हे अलीकडच्या संशोधनातून पुढे आले आहे.

बर्लिनमध्ये जेथे ती संस्था होती, त्या परिसराजवळच्या श्प्रे नदीकाठाला २००८मध्ये हिर्शफेल्ड यांचे नाव देण्यात आले. नोलेनडॉर्फप्लाट्झचा परिसर पुन्हा रात्री जागू लागला आहे, आणि आता त्या रात्रींच्या पाठीशी कायदाही आहे. पश्चिम जर्मनीने १९६९मध्ये सैल केलेले कलम १७५ एकत्रित जर्मनीने १९९४मध्ये पूर्णपणे रद्द केले. १८९७मध्ये सुरू झालेल्या त्या अर्जाला उत्तर मिळायला ९७ वर्षे लागली.