कंठाचा आरसा : मान्युएल गार्सिया

माझ्या धाकट्या बहिणीचा आवाज ती चार वर्षांची असताना बसला, तो सुटलाच नाही. आधी सर्दी म्हणून झाले, मग बोरे खाल्ली म्हणून झाले, मग दृष्ट लागली म्हणून झाले. आईने हळद-दूध दिले, ज्येष्ठमध चघळायला दिले, आजीने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. पुढे झोपेत तिचा श्वास करवतीसारखा वाजू लागला, तेव्हा वडील तिला घेऊन जिल्ह्याच्या दवाखान्यात व तेथून शहरातील मोठ्या इस्पितळात गेले. तेथे दुर्बीण घालून पाहिल्यावर डॉक्टरांनी सांगितले, की तिच्या स्वरयंत्रात चामखिळीसारखे कोंब वाढले आहेत. ते काढता येतात. पण काढले तरी पुन्हा येतात. आजवर तिच्यावर सात शस्त्रक्रिया झाल्या आहेत.

यांपैकी एका खेपेस मी तिच्यासोबत होतो. व्हरांड्यातील बाकावर बसलो असता एका शिकाऊ डॉक्टरांनी मी काय शिकतो म्हणून विचारले. मी कला शाखेत आहे, हे मी जरा ओशाळूनच सांगितले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यातून आर्ट्सला जाऊन काय दिवे लावणार, हा गावातल्या पारावरचा नेहमीचा प्रश्न. पण ते डॉक्टर हसले नाहीत. जिवंत माणसाचे स्वरयंत्र काम करताना ज्याने प्रथम नीट पाहिले तो डॉक्टर नव्हता, गाणे शिकविणारा मास्तर होता, असे त्यांनी मला सांगितले. त्या मास्तराचे नाव मान्युएल गार्सिया. परत आल्यावर मी त्यांच्याविषयी जे मिळेल ते वाचले. त्यांच्या १०१ वर्षांच्या आयुष्याची ही हकीकत.

गार्सिया यांचा जन्म १७ मार्च १८०५ रोजी स्पेन देशात झाला. त्यांच्या घरी गाण्याचे वेडच होते म्हणा ना! वडील, त्यांचेही नाव मान्युएल गार्सियाच, युरोपात गाजलेले गायक होते. रोसिनी या इटालियन संगीतकाराचा ‘सेव्हिलचा न्हावी’ हा ऑपेरा १८१६ साली रोममध्ये प्रथम रंगभूमीवर आला, तेव्हा त्यातील सरदार आल्माव्हिवाची भूमिका त्यांनीच केली होती. आईही गायिका. मारिया व पोलीन या दोन्ही बहिणी पुढे आपल्या गळ्याच्या जोरावर साऱ्या युरोपात नावाजल्या. बाप मुलांचा गुरू होता आणि गुरू म्हणून फार कडक होता.

१८२५ साली वडील हे सारे बिऱ्हाड घेऊन जहाजाने न्यूयॉर्कला गेले. अमेरिकेच्या भूमीवर इटालियन ऑपेरा पहिल्यांदा घुमला तो या मंडळींच्या कंठातून. ‘सेव्हिलचा न्हावी’मध्ये बाप सरदार, मुलगी नायिका आणि वीस वर्षांचा मान्युएल न्हावी फिगारो! ऐकणाऱ्यांना कौतुक वाटावे असाच हा देखावा होता. पण रात्रीमागून रात्र पूर्ण जोर लावून गायल्याने कोवळ्या आवाजावर अतोनात ताण पडला. काही वर्षांतच मान्युएलचा आवाज बिघडला आणि ऐन पंचविशीच्या आत त्यांना रंगभूमी सोडावी लागली.

ज्या घरात सगळे गातात त्या घरात गळा गेलेल्या मुलाने काय करावे? काही काळ ते घर सोडूनच गेले. १८३० साली फ्रेंच सैन्य अल्जीरियावर चालून गेले, त्याच्या पुरवठा खात्यात त्यांनी नोकरी धरली. परतल्यावर पॅरिसच्या लष्करी इस्पितळांत त्यांनी काम केले आणि तेथे शरीरशास्त्राचा, विशेषतः गळ्याच्या रचनेचा, अभ्यास केला. कोंबडी, मेंढी, गाय यांची स्वरयंत्रे ते घरी आणीत आणि भात्याने त्यांत हवा फुंकून त्यांतून आवाज काढून पाहत. आवाज गेल्याचे दुःख करीत बसण्याऐवजी आवाज मुळात निघतो कसा, याचाच शोध त्यांनी सुरू केला. त्यांच्या पुढील सर्व कामाचे मूळ मला येथे दिसते.

पाहता पाहता गायनगुरू म्हणून त्यांची कीर्ती पसरली. १८४० साली त्यांनी मानवी आवाजावरील आपला निबंध फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे मांडला. पुढच्याच वर्षी स्वीडनमधील येनी लिंड ही तरुण गायिका त्यांच्याकडे आली. अतिगायनाने तिचा आवाज पार थकून गेला होता. तिच्यापाशी आता आवाजच उरलेला नाही, असे त्यांनी तिला स्पष्ट सांगितले आणि सहा आठवडे अजिबात न गाता परत यायला सांगितले. ती तशी आली. मग सुमारे दहा महिने त्यांनी तिला शिकविले. पुढे हीच लिंड युरोप-अमेरिकेत घराघरांत माहीत झाली. आपल्या बाबतीत जे कोणी केले नाही ते त्यांनी शिष्येसाठी केले. १८४८ साली ते लंडनला गेले आणि तेथील रॉयल अॅकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये १८९५ पर्यंत, म्हणजे वयाच्या नव्वदीपर्यंत, त्यांनी गाणे शिकविले.

परंतु एक गोष्ट त्यांना सतत सलत होती. ज्या यंत्राविषयी आपण जन्मभर शिकवितो ते काम करताना आपण कधी पाहिलेच नाही! प्रेतात स्वरयंत्र दिसते, पण ते मुके असते. जिवंत माणसात ते जिभेमागे, खाली वळणावर, अंधारात दडलेले. त्यांच्याआधीही काही डॉक्टरांनी नळ्या व आरसे वापरून प्रयत्न केले होते, पण त्यांतून कायम टिकणारी पद्धत तयार झाली नव्हती.

१८५४ च्या सप्टेंबरात ते सुटीवर पॅरिसला आले होते. पाले रोयाल या वाड्याच्या आवारात फिरत असताना खिडक्यांच्या तावदानांवर ऊन चमकले आणि त्यांच्या मनात एकदम दोन आरसे उभे राहिले : एक घशात, दुसरा हातात. तडक ते शारिएर या वैद्यकीय हत्यारे बनविणाऱ्याच्या दुकानी गेले. लांब दांड्याचा एक छोटा दंतवैद्याचा आरसा तेथे गिऱ्हाईक न मिळाल्याने पडून होता. तो त्यांनी सहा फ्रँकला घेतला. घरी येऊन त्यांनी तो गरम पाण्यात बुडविला, म्हणजे श्वासाने त्यावर वाफ धरू नये. मग पुसून पडजिभेला टेकविला आणि हातातील दुसऱ्या आरशाने सूर्याचा किरण त्यावर टाकला. समोर त्यांचे स्वतःचे स्वरयंत्र उघडे होते! दोन पांढरट स्वरतंतू श्वास घेताना लांब जात होते आणि सूर लावताच जवळ येऊन थरथरत होते. डॉक्टर नाही, रोगी नाही, प्रयोगशाळा नाही. एकोणपन्नास वर्षांचा एक गायनगुरू, दोन आरसे आणि दुपारचे ऊन, एवढेच भांडवल.

१८५५ च्या मे महिन्यात लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांचा निबंध वाचला गेला. डॉक्टर मंडळींनी त्याची फारशी दखल घेतली नाही. १८५७ च्या उन्हाळ्यात व्हिएन्नाचे डॉ. ट्युर्क यांनी आरसा रुग्णांवर वापरून पाहिला, पण हिवाळ्यात ऊन गेले तसे त्यांचे काम थांबले. तेच आरसे मागून घेऊन चेर्माक या प्राध्यापकांनी दिव्याचा उजेड वापरला आणि तो घशात फेकण्यासाठी मध्ये भोक असलेला वाटोळा आरसा घेतला. घशाच्या डॉक्टरांच्या कपाळावरचा आरसा तो हाच. पुढे शोधाचा मान कोणाचा, यावरून ट्युर्क व चेर्माक यांच्यात मोठे भांडण जुंपले. गार्सिया त्यात पडले नाहीत. ते लंडनमध्ये आपल्या शिकवण्या घेत राहिले.

या आरशाने काय झाले, ते माझ्या बहिणीच्या दुखण्यावरून मला नीट कळले. त्याआधी स्वरयंत्रातील कोंब बहुधा रोगी दगावल्यावरच सापडत. किंवा गळा बाहेरून चिरून आत हात घालावा लागे. १८६१ साली ट्युबिंगेनचे शल्यविशारद ब्रुन्स यांनी आरशात पाहत, गळा न कापता, आपल्या सख्ख्या भावाच्या स्वरयंत्रातील गाठ तोंडावाटे काढली. चेर्माककडून ही विद्या शिकून आलेले मॉरेल मॅकेंझी यांनी १८६३ साली लंडनमध्ये खास घशाच्या रोगांचे इस्पितळ काढले आणि १८७१ साली स्वरयंत्रातील वाढींवर १०० रुग्णांच्या अनुभवाचे पुस्तक लिहिले. १८८४ पासून कोकेनने घसा बधिर करता येऊ लागला. १८९५ साली बर्लिनच्या किर्स्टाइन यांनी आरशावाचून सरळ नळीतून स्वरयंत्र पाहिले. पण या सर्वांचा आरंभ सहा फ्रँकच्या त्या आरशात होता.

१७ मार्च १९०५ रोजी गार्सिया शंभर वर्षांचे झाले. त्या दिवशी लंडनला राजा सातवा एडवर्ड याने त्यांना राजवाड्यात बोलावून किताब दिला, जर्मन सम्राटाने विज्ञानाचे सुवर्णपदक पाठविले, देशोदेशींच्या घशाच्या डॉक्टरांनी मानपत्रे दिली आणि सार्जंट या विख्यात चित्रकाराने काढलेले त्यांचे तैलचित्र त्यांना अर्पण केले. ज्या माणसाने कधी एकाही रोग्याला औषध दिले नाही, त्याला डॉक्टरांनी आपला पूर्वज मानले. १ जुलै १९०६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

गार्सियांच्या आरशाने कोंब दिसू लागले; पण ते पुन्हा का येतात, हे आरशात दिसण्यासारखे नव्हते. १९७२ साली अमेरिकेत बोस्टन येथे सूक्ष्मदर्शकाला लेसर जोडून ते जाळण्याची पद्धत निघाली. त्याने रक्तस्राव कमी झाला, पण कोंब येतच राहिले. १९८० नंतरच्या काळात जर्मनीत झुर हौझेन यांच्या प्रयोगशाळेत या कोंबांतूनच पॅपिलोमा विषाणूचा ११ क्रमांकाचा प्रकार वेगळा काढण्यात आला. आज माहीत आहे, की ६ व ११ या दोन प्रकारांमुळेच बहुतेक हा रोग होतो. लहान मुलांना तो बहुधा जन्माच्या वेळी आईकडून येतो. त्यात आईचा काही दोष नसतो, कारण तिला स्वतःला ते ठाऊकही नसते. डोळ्यांना निरोगी दिसणाऱ्या आजूबाजूच्या त्वचेतही विषाणू दबा धरून असतो, म्हणून शेतातील हरळीप्रमाणे वरचे काढले तरी खालून फुटते. आणि मुळासकट काढावे म्हणून खोल खरवडले, तर स्वरतंतूवर व्रण राहून आवाज कायमचा जातो. म्हणून शल्यविशारद श्वासाची वाट मोकळी ठेवतात आणि बाकीचे जपून काढतात.

अलीकडे मात्र सुऱ्यावाचूनचे मार्ग दिसू लागले आहेत. कोंबांना रक्त पुरविणाऱ्या नव्या वाहिन्या रोखणारे बेव्हासिझुमॅब हे औषध काही कठीण रुग्णांत उपयोगी पडले आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या रोगावरील पहिल्या औषधाला प्रौढ रुग्णांसाठी मान्यता दिली. बारा आठवड्यांत चार इंजेक्शने देऊन शरीराच्या प्रतिकारशक्तीला विषाणू असलेल्या पेशी ओळखायला ते शिकविते. ३५ रुग्णांवर ते वापरले, त्यांपैकी १८ जणांना उपचारानंतर वर्षभर शस्त्रक्रिया लागली नाही. उरलेल्या १७ जणांना मात्र तेवढे यश आले नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

त्याहून मोठी आशा लसीची आहे. ऑस्ट्रेलियात २००७ पासून मुलींना या विषाणूची लस देण्यास सुरुवात झाली. तेथे मुलांमधील या रोगाचे नवे रुग्ण २०१२ साली दर लाख मुलांमागे ०.१६ होते, ते २०१६ साली ०.०२ वर आले. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या लसीला २०२२ साली परवानगी मिळाली, तिच्यात ६ व ११ हे दोन्ही प्रकार आहेत. ही लस गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी म्हणून दिली जाते. पण आज जी मुलगी ती घेईल तिच्या उद्याच्या बाळाचा कंठही तिने राखला जाईल, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. माझ्या आईला कोणी हे सांगितले नव्हते, कारण तेव्हा सांगण्यासारखे येथे काही नव्हतेच.

माझ्या बहिणीला ते नवे औषध आज मिळण्यासारखे नाही. ती अजून लहान आहे आणि औषध दूरच्या देशात आहे. शाळेत कविता म्हणायची वेळ आली, की ती मागच्या बाकावर जाऊन बसते. गेल्या खेपेस डॉक्टरांनी तिला पडद्यावर तिचेच स्वरतंतू दाखविले. ती बराच वेळ पाहत राहिली आणि मग तिच्या घोगऱ्या आवाजात तिने मला विचारले, की हे पहिल्यांदा कोणी पाहिले. मी तिला गार्सियांची गोष्ट सांगितली. त्यांचाही आवाज गेला होता, हे ऐकून तिला फार नवल वाटले. घरी आल्यावर तिने आईचा फणी-करंड्याच्या पेटीतला आरसा घेतला आणि अंगणात उन्हाकडे तोंड करून ती आ वासून उभी राहिली. तिला काही दिसले नाही. पण कोणी हसले नाही, आजीसुद्धा.

इस्पितळाची पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.