नाते गावचा टॉपर

कुणी चूक दाखवली की आपण लगेच स्वतःची बाजू मांडायला लागतो, हो ना? मग महाडजवळच्या नाते गावात १८९६ साली जन्मलेल्या सी. डी. देशमुखांकडे बघा. १९१२ला मॅट्रिकला पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. पण केंब्रिजला जाऊन शिकले काय? वनस्पती, रसायन, भूगर्भशास्त्र! ‘माझा विषय संस्कृत’ म्हणत अडून बसले नाहीत. पुढे आयसीएसला पहिले आणि १९४३ला रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९५६ला मुंबईच्या प्रश्नावर स्वतःच्याच सरकारशी पटलं नाही, तेव्हा अर्थमंत्रिपद सोडलं. खुर्ची वाचवली नाही, मुद्दा धरला. पुढच्या वेळी कुणी चूक काढली, तर आधी ठरवा: तुम्हाला ‘मी’ वाचवायचाय की मुद्दा तपासायचाय?