मंटो आणि बिशनसिंगाचे गाव

पंजाबातील समराळा ह्या गावी ११ मे १९१२ रोजी सआदत हसन मंटो ह्यांचा जन्म झाला. घराणे मूळचे काश्मिरी. बालपण अमृतसरात गेले. पुढे उर्दूतील थोर कथाकार म्हणून नावाजलेले हे गृहस्थ शाळेत उर्दू विषयातच नापास झाले होते!

तरुणपणी ते मुंबईस आले. येथे त्यांनी साप्ताहिक चालविले, चित्रपटांच्या कथा लिहिल्या, जिवाभावाचे मित्र जोडले. १९४७ साली देशाची फाळणी झाली. धर्माच्या नावाने कत्तली झाल्या आणि एक कोटीहून अधिक माणसे घरादाराला मुकली. जानेवारी १९४८ मध्ये मंटोही मुंबई सोडून लाहोरास गेले. तेथे त्यांचे मन रमेना. आपला देश कोणता, हेच त्यांना उमगेना. कित्येक दिवस लेखणी चालली नाही.

ह्याच व्यथेतून पुढे त्यांची ‘टोबा टेकसिंग’ ही कथा जन्मास आली. फाळणीनंतर दोन्ही सरकारे आपापल्या इस्पितळांतील वेड्यांची अदलाबदल करावयाचे ठरवितात. लाहोरच्या इस्पितळात बिशनसिंग नावाचा एक शीख आहे. पंधरा वर्षांत तो कधी आडवा झालेला नाही. उभे राहून त्याचे पाय सुजले आहेत. टोबा टेकसिंग हे त्याचे गाव. सारे त्याला त्याच नावाने हाक मारतात. महिन्याकाठी घरची माणसे भेटीस येत, तेव्हा तो अंघोळ करून, केसांना तेल लावून बसे. आता कोणी येत नाही. आपले गाव कोठे आहे, हिंदुस्थानात की पाकिस्तानात, एवढेच तो ज्याला त्याला विचारतो. गावचा मित्र फजलदीन एकदा येतो आणि घरची मंडळी सुखरूप पोहोचल्याचे सांगतो. मात्र मुलीचे नाव काढताच तो अडखळतो. तिचे काय झाले, ते मंटो लिहीत नाहीत. माझ्या मते कथेतील सर्वांत भयंकर जागा हीच.

सरहद्दीवर आणल्यावर बिशनसिंगाला कळते की, आपले गाव पाकिस्तानातच राहिले. तो पुढे पाऊल टाकीत नाही. रात्रभर तो तसाच उभा राहतो. पहाटे एक किंकाळी फोडून तो कोसळतो, तो दोन्ही देशांच्या काटेरी कुंपणांमधील बिननावाच्या जमिनीवर.

मुंबईच्या मित्रांची शब्दचित्रे मंटो लाहोरात बसून लिहीत राहिले. १८ जानेवारी १९५५ रोजी, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी, ते तेथेच वारले. मुंबई त्यांना पुन्हा दिसली नाही.