संगीतसूर्य केशवराव भोसले : रंगमंचावरून समाजाकडे

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. रंगमंच, छत, आसने पाहता पाहता जळून गेली आणि दगडी भिंती तेवढ्या काळवंडून उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी, 9 ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. ज्या वास्तूत त्यांच्या प्रतिमेला पुष्पहार घालायचा, त्याच वास्तूच्या राखेसमोर कोल्हापूरच्या कलावंतांना अश्रू ढाळावे लागले. नाट्यगृह पूर्वीच्याच स्वरूपात उभारावे, अशी मागणी त्या दिवसापासून सुरू झाली आणि शासनानेही तसा निर्णय जाहीर केला. एका जुन्या इमारतीसाठी एवढे मोठे शहर हळहळले, यामागे एका नटाचे जेमतेम एकतीस वर्षांचे आयुष्य आहे.

केशवरावांचा जन्म 9 ऑगस्ट 1890 रोजी कोल्हापूर येथे झाला. घरी विलक्षण गरिबी होती. शाळेची पायरी नीट चढण्याच्या वयातच त्यांना पोटासाठी स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीचा आश्रय घ्यावा लागला. त्या काळच्या नाटक कंपनीत मुलांचे जीवन सुखाचे नसे. या गावाहून त्या गावाला बिऱ्हाड हलवायचे, पहाटे गळ्याची मेहनत, दुपारी तालमी आणि रात्र रात्र चालणारे खेळ असा तो क्रम होता. पण या मुलाच्या कंठात जी धार होती, ती लपून राहणारी नव्हती. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत शारदा’ नाटकात छोट्या केशवने शारदेची भूमिका केली आणि जरठ-बाला विवाहाच्या रूढीला बळी जाऊ पाहणारी ती भेदरलेली मुलगी प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणू लागली. केशवरावांचा पहिला लौकिक सामाजिक प्रश्नावरच्या नाटकाने झाला, ही गोष्ट त्यांच्या पुढच्या वाटचालीकडे पाहताना लक्षात ठेवण्याजोगी आहे.

वय वाढले तशी स्वतःच्या संस्थेची आकांक्षा जागी झाली. 1 जानेवारी 1908 रोजी हुबळी येथे केशवरावांनी ‘ललितकलादर्श’ नाटक मंडळी स्थापन केली. तेव्हा त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. हुबळी, धारवाड, बेळगाव या पट्ट्यात मराठी संगीत नाटकाला जाणता प्रेक्षक लाभत असे. संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. त्यामुळे कोल्हापूरच्या या तरुणाने संस्थेची मुहूर्तमेढ हुबळीत रोवावी, यात त्या काळी कोणाला नवल वाटले नसावे. मराठी रंगभूमीचा इतिहास केवळ पुण्या-मुंबईचा नाही, याची ती एक खूण आहे. केशवरावांच्या गायकीला शिस्त लावणारे गुरू रामकृष्णबुवा वझे हेही मूळचे सावंतवाडीकडचे. पुढे गोव्याच्या मास्टर दीनानाथांनीही याच बुवांकडून विद्या घेतली. आक्रमक ताना, भेदक सूर आणि शेवटच्या प्रेक्षकापर्यंत पोहोचणारा खणखणीत आवाज ही केशवरावांची ओळख या तालमीतून पक्की झाली.

मंडळीचा मालक म्हणून केशवरावांनी आपली नजर गाण्यापुरती ठेवली नाही. वीर वामनराव जोशी यांच्या ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ या नाटकातील मृणालिनी त्यांनी गाजवली. हुंड्याच्या प्रथेवर आघात करणारे मामा वरेरकरांचे ‘हाच मुलाचा बाप’ त्यांनी रंगमंचावर आणले, त्यामागोमाग वरेरकरांचेच ‘संन्याशाचा संसार’ही केले. पौराणिक कथांना आणि पदांना चटावलेल्या प्रेक्षकांसमोर चालू काळातील प्रश्न मांडण्यात धंद्याचा धोका होता. तो त्यांनी पत्करला. पु. श्री. काळे यांच्यासारख्या चित्रकाराकडून पडदे रंगवून घेऊन त्यांनी नेपथ्यालाही नवे वळण दिले. बापूराव पेंढारकर यांच्यासारखा गुणी सहकारी त्यांनी जवळ केला आणि पुढे तोच संस्थेचा आधार ठरला.

कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज हे केशवरावांचे मोठे चाहते. 1902 साली युरोपच्या प्रवासात महाराजांनी तिकडची नाट्यगृहे आणि प्राचीन प्रेक्षागारे पाहिली होती. आपल्या प्रजेसाठीही असे काही असावे, या विचारातून प्रथम खासबागेत कुस्तीचे मैदान झाले आणि त्याच्या शेजारी 1913 ते 1915 या काळात पॅलेस थिएटर उभे राहिले. राजवाड्यातील मोजक्या मानकऱ्यांपुढे होणारी करमणूक संस्थानाच्या खर्चाने लोकांसाठी खुली झाली. महाराज एवढ्यावर थांबले नाहीत. खासबागेच्या मोकळ्या मैदानात त्यांनी केशवरावांकडून ‘मृच्छकटिक’चा प्रयोग करवून घेतला. ध्वनिवर्धकाचा तो काळ नव्हता. हजारोंच्या जमावात दूर बसलेल्या श्रोत्यापर्यंत केशवरावांचा आवाज स्वच्छ पोहोचला, ही आठवण कोल्हापुरात आजही अभिमानाने सांगितली जाते. ज्यांना नाट्यगृहाचे तिकीट कधी परवडले नसते, अशांपर्यंत संगीत नाटक त्या दिवशी चालत गेले.

केशवरावांच्या आयुष्यातील सर्वांत गाजलेली रात्र मात्र मुंबईची आहे. 1 ऑगस्ट 1920 रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले. 1921 च्या वसंतात बेझवाडा येथील बैठकीत काँग्रेसने टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमवण्याचा संकल्प सोडला. देशभर झोळ्या फिरू लागल्या. मराठी नाटक मंडळ्यांना अशा कामाची सवय होती. मुक्कामाच्या गावी शाळेसाठी, वाचनालयासाठी किंवा एखाद्या अडचणीतल्या नटासाठी एका खेळाचे उत्पन्न द्यायचे, हा रिवाज रुळलेला होता. या वेळी मात्र कल्पना मोठी निघाली. केशवराव आणि बालगंधर्व यांनी एकाच नाटकात उभे राहावे आणि ते सारे उत्पन्न फंडाला द्यावे, असे ठरले.

यातील अवघडपणा आज सहज ध्यानात येत नाही. नारायणराव राजहंस म्हणजे बालगंधर्व हे गंधर्व नाटक मंडळीचे मालक आणि केशवराव ललितकलादर्शचे. दोघेही स्त्रीभूमिकांनी गाजलेले, दोघेही गायक, आणि दोघांच्या चाहत्यांचे तट पडलेले. एकाची गायकी लडिवाळ, दुसऱ्याची तडफदार. एकाच रंगमंचावर उभे राहिल्यावर तुलना होणार, एखाद्याचे पद पडले तर त्याचा बोभाटा होणार आणि पुढच्या खेळांच्या उत्पन्नावरही त्याचा परिणाम होणार, हे दोघांनाही कळत होते. शेकडो रात्रींत कमावलेली कीर्ती एका रात्री पणाला लावण्याचाच हा प्रकार होता. शिवाय प्रत्येक मंडळीवर कित्येक कुटुंबांचे पोट अवलंबून असे. मालकाने एका खेळाची मिळकत सोडणे हा त्या सगळ्यांनी मिळून केलेला त्याग होता.

8 जुलै 1921 रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी झाले, केशवराव धैर्यधर. लोकमान्यांच्या निष्ठावंत अनुयायाने लिहिलेले नाटक लोकमान्यांच्या नावाच्या फंडासाठी व्हावे, हाही एक औचित्याचा भाग होता. तिकिटाचा दर शंभर रुपयांपर्यंत ठेवला होता, तरीही थिएटर ओसंडून वाहिले. त्या एका रात्रीत सोळा-सतरा हजार रुपयांच्या घरात रक्कम जमली. कोणाचे गाणे सरस ठरले, याची चर्चा रसिकांत पुढे कित्येक वर्षे चालू राहिली. निधीची थैली मात्र दोघांच्या नावे गेली.

या दोन प्रयोगांची जात वेगळी आहे. बालीवाला थिएटरात धनिकांच्या खिशातून पैसा काढून तो देशकार्याला लावला गेला. खासबागेत सामान्य माणसाला कलेचाच वाटा मिळाला. नाट्यगृहाने समाजासाठी काय करावे, या प्रश्नाची ही दोन्ही उत्तरे केशवरावांच्या हयातीत आणि त्यांच्याच आवाजात दिली गेली.

त्यानंतर काळाने त्यांना फार अवधी दिला नाही. ‘शहाशिवाजी’ या नाटकात छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका साकारून ते पुरुषभूमिकांचे नवे पर्व सुरू करीत होते. तोच विषमज्वराने त्यांना गाठले आणि 4 ऑक्टोबर 1921 रोजी, संयुक्त ‘मानापमान’ला तीन महिनेही पुरे झाले नव्हते तेव्हा, त्यांची प्राणज्योत मालवली. संस्थेची धुरा बापूराव पेंढारकरांनी उचलली आणि त्यांच्यानंतर त्यांचे पुत्र भालचंद्र पेंढारकर यांनी ती दीर्घकाळ वाहिली. हुबळीत लावलेले रोप मालकाबरोबर सुकले नाही.

पुढे पॅलेस थिएटरला केशवरावांचे नाव देण्यात आले. संस्थानाच्या तिजोरीतून बांधलेल्या वास्तूला एका गरीब घरातल्या नटाचे नाव लाभावे, हे उचितच झाले. आता त्या नाट्यगृहाचा रंगमंच नव्याने उभा राहील तेव्हा तिथल्या पहिल्या काही खेळांपैकी एखादा एखाद्या शाळेसाठी, एखाद्या वृद्ध रंगकर्मीसाठी व्हावा आणि एखाद्या खेळाला तिकीट न परवडणाऱ्यांसाठी दारे उघडावीत. केशवरावांच्या नावाला शोभेल असे उद्घाटन तेच ठरेल.